बापाला विसरभोळेपणा आला, म्हणून लेकालाही येईल?

"त्याच्या बापालेही असंच झालतं. घराण्यातच हाय थे." शेतातून परतताना एखादे आबाजी रोजच्या धुऱ्यावर रस्ता चुकले, की विदर्भातल्या गावात हेच बोललं जातं. मग दवाखाना राहून जातो. आणि त्यांचा पन्नाशीतला मुलगा गाडीची चाबी विसरला तरी मनातून धास्तावतो.

आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, असेल तर आपला धोका वाढतो, हे खरं. एपीओई-ई४ हा जनुकाचा प्रकार एका पालकाकडून आला तर धोका साधारण दोन-तीन पट होतो, दोघांकडून आला तर त्याहून बराच जास्त. तरीही तो असलेल्या अनेकांना हा आजार कधीच होत नाही. एका पालकाकडून मुलाकडे ५० टक्के शक्यतेने उतरणारा, जवळपास अटळ असा अल्झायमरही आहे. पण तो एपीपी, पीएसईएन१ आणि पीएसईएन२ या जनुकांतल्या दोषांमुळे होतो, बहुधा पासष्टीच्या आतच दिसतो आणि शंभरात एखाद्या रुग्णातही क्वचितच सापडतो. वडिलांचा विसर पंच्याहत्तरीनंतर सुरू झाला असेल, तर हा प्रकार असण्याची शक्यता फारच कमी.

घराण्यातून जनुकांसोबत बीपी-शुगरचा कल येतो, आणि एकाच चुलीचा धूरही वाट्याला येतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. बीपी, शुगर, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, नैराश्य, हवेचं प्रदूषण ही त्यातली काही. अपुरं शिक्षणही त्यात आहे, आणि ते वाचताना मला शाळेऐवजी कापूस वेचायला गेलेल्या आपल्या आज्या आठवतात. भारतात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त आढळलं आहे.

कमी ऐकू येणंही त्याच यादीत आहे, आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते कानांकडे होणारं दुर्लक्ष. आबाजींना कमी ऐकू येतं, सून दोनदा ओरडून सांगते, तिसऱ्यांदा सोडून देते. पारावर चार माणसं हसली की का हसली ते कळत नाही, म्हणून हळूहळू पारावर जाणंच थांबतं. मेंदूला मिळणारे आवाज घटतात, बोलणं घटतं, एकटेपणा वाढतो. एकटेपणा हे त्या यादीतलं आणखी एक कारण. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत सर्व वृद्धांचा मिळून विचार केला, तेव्हा श्रवणयंत्राने फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. मोतीबिंदूकडेही असंच दुर्लक्ष होतं. न दिसणारी नजर याच यादीत आहे, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं.

आशाताई तिशीवरच्या सर्वांचा जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? तिथे "वय झालं, चालायचंच" म्हणून "नाही" सांगू नका. बी-१२ ची कमतरता आणि थायरॉईडचा बिघाड यांनीही विस्मरण होतं. ते रक्ततपासणीत कळतं आणि वेळेत उपचार मिळाले तर सुधारूही शकतं.