विश्वशांतीचे निरोप, परलोकातून

आपल्याकडे कुणाच्या अंगात आलं की विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: आजारपण, लग्न, भाऊबंदकी, पाऊस. जगातल्या लढाया कधी थांबणार, असं देवीला सहसा कुणी विचारत नाही. हा प्रश्न परलोकाकडे नेला तो एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेने आणि इंग्लंडने, आणि नेणाऱ्यांपैकी बरेच जण आधीपासूनच समाजसुधारक होते. आज ‘चॅनलिंग’च्या, म्हणजे अदृश्य शक्ती माणसाच्या तोंडून बोलते या समजुतीच्या, नावाने फिरणाऱ्या विश्वशांतीच्या संदेशांचं मूळ तिथे आहे.

सुरुवात घरगुती होती. 1848च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स घराण्यातल्या दोन मुलींना भिंतीतून टकटक ऐकू येऊ लागली. प्रश्न विचारायचा, टकटक मोजायची, की मृतात्म्याचं उत्तर मिळालं. चाळीस वर्षांनी त्यांच्यातल्या मॅगीने न्यूयॉर्कमध्ये भर सभेत पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखवले आणि ही लबाडी होती अशी कबुली दिली. पुढच्या वर्षी ती कबुलीही मागे घेतली! तोवर मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांचा हा पंथ इतका फोफावला होता की दोन्हींनी फारसं काही बिघडलं नाही.

त्याच्या गळाला लागलेलं सर्वांत मोठं नाव म्हणजे रॉबर्ट ओवेन. न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढणारे, सहकाराचे पाईक, रूढ धर्माचे जन्मभराचे टीकाकार. 1853 साली, ऐंशी उलटल्यावर, मारिया हेडन या अमेरिकन माध्यमाच्या, म्हणजे मृतांचे निरोप पोचवणाऱ्या बाईंच्या, लंडनमधल्या बैठकींत त्यांची खात्री पटली. केव्हाच वारलेले अमेरिकन नेते बेंजामिन फ्रँकलिन आणि जेफरसन, राणी व्हिक्टोरियाचे वडील ड्यूक ऑफ केंट आपल्याशी बोलतात, असं ते उघडपणे सांगू लागले. आणि हे सगळे येतात कशासाठी? तर जगाला शांततेसाठी तयार करायला. थोडक्यात, ओवेन स्वतः कित्येक दशकं जे सांगत होते, तेच सांगायला. त्यांची इंडियानातली न्यू हार्मनी वसाहत केव्हाच मोडली होती, राज्यकर्त्यांनी ऐकलं नव्हतं. जिवंत माणसं दाद देईनात, तेव्हा मृतांची साक्ष काढली गेली. मला यात फसवणुकीपेक्षा थकवा जास्त दिसतो.

पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांचं प्रकरण याहून विलक्षण. हेगच्या 1899च्या शांतता परिषदेसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. तेच स्टेड हातात पेन धरून बसत आणि 1891मध्ये वारलेल्या ज्यूलिया एम्स या अमेरिकन पत्रकार बाईंची पत्रं आपल्या हातून उतरतात, असं सांगत. 1909मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘ज्यूलियाज ब्युरो’ उघडला. शोकाकुल माणसांची आपल्या मृतांशी गाठ घालून द्यायची, हे त्याचं काम. एप्रिल 1912मध्ये न्यूयॉर्कला विश्वशांतीवर भाषण द्यायला निघालेले स्टेड टायटॅनिकवर बुडाले. दहा वर्षांनी त्यांच्याच नावाने परलोकातून आलेलं म्हणून एक पुस्तक निघालं.

मधल्या काळात एक फाटा मुंबईवरून गेला. न्यूयॉर्कला 1875मध्ये स्थापन झालेली, गूढविद्या आणि विश्वबंधुत्व सांगणारी थिऑसॉफिकल सोसायटी घेऊन मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 1879च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि गिरगावात राहिले. त्यांचे संदेश मृतांचे नव्हते, जिवंत पण अदृश्य ‘महात्म्यां’कडून पत्रांतून आलेले होते. या प्रकाराच्या चौकशीचा 1885चा हॉजसन अहवाल आला आणि त्याने ती पत्रं बनावट ठरवली, पण विश्वबंधुत्वाची आणि अदृश्य गुरूंची सांगड टिकली. त्याच मुशीतून आलेल्या ॲलिस बेली यांनी एका तिबेटी गुरूच्या नावाने ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. दुसरं महायुद्ध संपलं त्या 1945 साली त्यांची ‘महाप्रार्थना’ (ग्रेट इन्व्होकेशन) तिच्या आजच्या रूपात पुढे आली.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र सूर काळवंडला होता. मुलगा, भाऊ गमावलेली घरं प्लँचेटकडे वळली. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्या घरी पत्नीच्या तोंडून ‘फिनियस’ नावाचा प्राचीन आत्मा जगावर येऊ घातलेल्या अरिष्टाचे इशारे देई. ते अरिष्ट सांगितल्यासारखं आलं नाही.

अणुबॉम्बनंतर बोलणारेही बदलले. 1954मध्ये योगसाधना करणारे जॉर्ज किंग लंडनच्या आपल्या घरात भांडी पुसत असताना त्यांना आवाज आला, की तू आंतरग्रहीय संसदेचा आवाज होणार आहेस. इथून पुढे शांततेचा निरोप शुक्रावरून येऊ लागला. फ्रँकलिनची सद्दी संपली होती. संयुक्त राष्ट्रांच्या जमान्यात परलोकातही संसद भरली.