फॅन क्लच व त्याचे दोषनिदान

फॅन क्लच : रेडिएटरमागचा पंखा आणि त्याला फिरविणारा दंड यांच्यामध्ये बसविलेले, तापमानानुसार पंख्याची गती कमीजास्त करणारे युग्मक (दोन फिरते भाग जोडणारे साधन). लांबीच्या दिशेने एंजिन बसविलेल्या मोटारी, ट्रक व बस यांत ते आढळते. आडव्या एंजिनाच्या लहान मोटारींत विजेचा पंखा असल्याने त्याची गरज पडत नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः सिलिकोन तेलावर चालणाऱ्या श्यान (तेलाच्या दाटपणावर काम करणाऱ्या) प्रकारापुरती आहे.

श्यान क्लचचे नाते हेर्मान फोटिंगर यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या द्रव युग्मकाशी जोडता येते. मात्र ते फारसे पटत नाही. फोटिंगर युग्मकात पात्यांनी फेकलेल्या द्रवाच्या संवेगातून शक्ती पोहोचते. फॅन क्लचमध्ये अशी पाती नसतात. अगदी जवळजवळ असलेल्या दोन पृष्ठभागांमधील तेलाचा पातळ थर ओढला जाऊन परिबल (फिरविणारा जोर) पुढे जाते. या दृष्टीने मोरीस कूएत यांनी १८९० च्या सुमारास एकात एक बसणाऱ्या नळकांड्यांमधील द्रवावर केलेले प्रयोग तत्त्वतः अधिक जवळचे ठरतात. प्रत्यक्ष साधन घडायला सिलिकोन तेल मिळू लागण्याची वाट पाहावी लागली. खनिज तेल तापले की झपाट्याने पातळ होते आणि पंख्याला जोर हवा असतो तो नेमका तेव्हाच. सिलिकोन तयार करणारी डाऊ कॉर्निंग ही कंपनी अमेरिकेत १९४३ मध्ये स्थापन झाली. मोटारींत हा क्लच रुजला तो साधारणतः १९५० च्या दशकापासून पुढे.

वॉटर पंपाच्या दंडावरील (पंप दंडावरील) चकती क्लचच्या आवरणात फिरते; पंखा या आवरणाला जोडलेला असतो. चकती व आवरण यांवरील समकेंद्री खाचा एकमेकींत शिरलेल्या असतात. पुढच्या कप्प्यात तेलाचा साठा असतो. आवरणाच्या तोंडावरील द्विधातू गुंडाळी (दोन धातूंच्या जोडपट्टीची, तापली की वाकणारी) तापली की ती झडप सरकविते, तेल खाचांमध्ये उतरते आणि पंखा वेग घेतो. कडेजवळचा अडसर तेल सतत साठ्याकडे परत ढकलत राहतो. त्यामुळे झडप बंद होताच खाचा रिकाम्या होऊ लागतात. पूर्ण जोडणीतही थोडी घसरण राहतेच. पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे गती निम्मी झाली की शक्ती एक-अष्टमांशावर येते. क्लच बसविण्यामागचे कारण हेच आहे.

गुंडाळीला कूलंटचे (एंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान कळत नाही, रेडिएटरमधून आलेल्या हवेचे कळते. निदानात हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. जाळी चिखलाने बुजली असेल किंवा पंख्याभोवतीचे कवच निघाले असेल, तर गरम हवा गुंडाळीपर्यंत नीट पोहोचत नाही आणि निर्दोष क्लच निकामी ठरविला जातो. थर्मोस्टॅट, रेडिएटरचे झाकण व पट्ट्याचा ताण यांची तपासणीही आधीच उरकावी.

दोष दोन प्रकारचे. क्लच घसरत असेल तर गाडी उभी असताना किंवा भार घेऊन हळू चढताना एंजिन तापते, एसीचा गारवा घटतो. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा लागला की सारे ठीक होते. क्लच आवळून बसला असेल तर पंख्याची घरघर एंजिनाच्या गतीबरोबर वाढत जाते, थांबत नाही, आणि इंधन जास्त लागते. मात्र रात्रभर उभ्या गाडीत तेल खाचांमध्ये उतरलेले असते; सकाळी सुरू करताच मिनिट-दोन मिनिटे येणारी घरघर हा दोष नव्हे.

आवरणावर मध्यापासून कडेकडे गेलेले, धूळ धरलेले तेलाचे ओघळ गळती दाखवितात. पात्याचे टोक पुढेमागे हलत असेल तर बेअरिंग झिजले असावे. ते क्लचचे की वॉटर पंपाचे, हे वेगळे करून पाहावे. एंजिन बंद करून पंखा हाताने फिरविण्याची चाचणी सर्वत्र केली जाते. तापलेल्या क्लचमध्ये पंखा अडखळ न होता कित्येक फेरे गरगरला तर तेल गेले असे समजण्यास हरकत नाही. पण हाताला अडखळ जाणवली म्हणून झडप वेळेवर उघडते असे सिद्ध होत नाही.

खात्रीची चाचणी गतिमापकाने होते. पात्यावर परावर्तक पट्टी लावून प्रकाशकिरणाच्या गतिमापकाने पंख्याची गती मोजावी व ती पंप दंडाच्या गतीशी ताडून पाहावी. रेडिएटरचा काही भाग पुठ्ठ्याने झाकून मागच्या हवेचे तापमान वाढू द्यावे. सामान्यतः ६५ ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गती ठळकपणे वाढते. निर्मात्याने दिलेला आकडा अंतिम मानावा. पुठ्ठा काढल्यावर गती उतरलीही पाहिजे. कूलंटच्या तापमानावर सतत नजर ठेवावी. फिरता पंखा कागदाच्या गुंडाळीने अडवून पाहण्याची पद्धत धोक्याची आहे, ती वापरू नये.

इलेक्ट्रॉनिक क्लचमध्ये झडप विद्युतचुंबकाने चालते, म्हणून तेथे नियंत्रकाचा आदेश व गती-संवेदकाचा संकेत तपासावा लागतो.

काही क्लचमध्ये तेल पुन्हा भरता येते, पण श्यानता मूळ तेलाइतकीच हवी. सुटा क्लच आडवा ठेवल्यास तेल सरकते व कधी गळते. तो गाडीत असतो तसाच उभा ठेवावा.