पागोळ्या वाजल्या की

चिपळूणला बाजारपेठेच्या मागच्या आळीत माझ्या काकूचं घर आहे. जून लागला की रोज संध्याकाळी ती तांदळाचा डबा, रेशनकार्ड, काकांची प्रेशरची औषधं आणि देव्हाऱ्यातला पितळेचा गणपती माळ्यावर नेऊन ठेवते. सकाळी सगळं परत खाली. रात्री पागोळ्यांचा आवाज वाढला की ती दचकून उठते, दार उघडून पायरीवर बॅटरी मारते. पायरी पावसाने भिजलेली असते, बाकी काही नसतं. तरी छातीची धडधड थांबत नाही आणि मग ती पहाटेपर्यंत पलंगावर पाय वर घेऊन बसून राहते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा ती आणि काका तो सबंध दिवस त्या माळ्यावर होते. भिंतीवरची चिखलाची रेघ केव्हाच रंगाखाली गेली. विषय काढला तर काकू म्हणते, ‘‘माझं काय झालंय? लोकांची माणसं गेली.’’ खरंच आहे. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पण शरीर असा हिशेब करत नाही. दुसऱ्याचं दुःख मोठं म्हणून आपला धसका लहान होत नाही.

धसका हा आपल्याकडचा नेमका शब्द आहे. ‘पोरीने पुराचा धसका घेतलाय’ असं आपण सहज म्हणून जातो. इंग्रजीतला ट्रॉमा तो हाच. मेंदूत कानांच्या थोडं आत, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका ओळखून तो शरीराला हाक देतो. ॲड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, हातपाय पळायला किंवा झुंजायला तयार होतात. दोन्ही शक्य नसेल तर माणूस जागीच थिजतो. शेजारचा हिप्पोकॅम्पस घडलेल्या गोष्टीवर जागेचा आणि वेळेचा शिक्का मारतो: हे तिथे झालं, तेव्हा झालं, संपलं. फार मोठ्या धक्क्यात हा शिक्का नीट बसत नाही, असं अनेक मेंदूतज्ज्ञांचं मत आहे. मग आठवण गोष्टीसारखी राहत नाही, तुकड्यांनी राहते. चिखलाचा वास, पाण्याची घरघर, काळोख. यातला एक तुकडा परत समोर आला की अमिग्डालाच्या लेखी ते आत्ताच घडत असतं. काकूला पूर आठवत नाही, तो तिच्यावर परत येतो.

हे कळायच्या आधी मीही तिला म्हटलेलं आहे, ‘‘काकू, आता कुठे पाणी येतंय? झोप की शांत.’’ त्या वाक्याने ती गप्प झाली आणि पुढे वर्षभर माझ्याशी या विषयावर बोलली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

धसक्याचं भान ठेवणारा थेरपिस्ट सुरुवातच वेगळी करतो. ‘हिचं काय बिघडलंय’ असं न विचारता ‘हिच्यावर काय बेतलं’ हे तो समजून घेतो, आणि तेही ती सांगेल तेवढंच. मन मोकळं केलं की बरं वाटतं ही आपली समजूत इथे अपुरी पडते. आपत्तीनंतर लगेच माणसाला बसवून सगळं तपशिलात बोलायला लावल्याने पुढचा आजार टळत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असं सांगते. आधी जागा सुरक्षित हवी. दाराकडे तोंड करून बसायचं की खिडकीकडे, किती बोलायचं, कुठे थांबायचं, हे काकू ठरवणार. पुरात तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं, म्हणून हे छोटे निर्णय औषधासारखे काम करतात. मग श्वास. हळू, लांबवून सोडलेल्या श्वासाने व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे काळजाचे ठोके मंदावतात. आठवणीला हात लावायचा तो यानंतर, थोडा थोडा.

कोकणातली खरी अडचण याच्या पुढे आहे, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. धसका बसलेला माणूस त्याची आठवण करून देणारी गोष्ट टाळतो. पण इथे पाऊस टाळणार कसा? चार महिने तो डोक्यावरच असतो. शिवाय भीती खोटीही नाही, चिपळूणने २००५ चाही पूर पाहिलेला आहे. त्यात शास्त्राचं म्हणणं असं, की थेरपीत जुनी भीती पुसली जात नाही. तिच्याशेजारी ‘आता मी सुरक्षित आहे’ ही नवी आठवण तयार होते, आणि ही नवी आठवण ती जिथे शिकली त्या परिस्थितीला चिकटून राहते. मे महिन्यात कोरड्या अंगणात शिकलेला धीर जुलैच्या रात्री आपोआप कामाला येत नाही. म्हणून सराव पावसातही चालू ठेवावा लागतो. काकूने माळ्यावर सामान नेणं बंद करावं, असा हेतू नाहीच. ती तयारी शहाणपणाची आहे. पायरी कोरडी असो की नुसती भिजलेली, पाणी चढलेलं नाही हे डोळ्यांना दिसल्यावर शरीरानेही ते मान्य करावं, एवढंच हवं.

घरातला दुसरा माणूस यातून सुटत नाही. काकू रात्रीत पाचदा विचारते, ‘‘अहो, नदीवर बघून आलात काय?’’ काका ‘‘झोप गो आता’’ म्हणून कूस वळवतात. ती जास्त विचारते, ते जास्त गप्प होतात. कॅनडात १९८० च्या दशकात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी जोडप्यांसाठी जी थेरपी विकसित केली, तिच्यात हेच फिरणारं चक्र पकडतात. दोघांपैकी कुणी दोषी नाही, दोघंही घाबरलेली आहेत आणि घाबरण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. गप्प राहणं ही काकांची तऱ्हा. मुलं तर बोलतही नाहीत, ती खेळतात. पुरानंतर माझा पुतण्या कित्येक दिवस खेळण्यातल्या गाड्या कपाटावर नेऊन ठेवायचा. त्याला कुणी ओरडलं नाही, हे बरं झालं.

बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात. वाडीतली ये-जा, देवळातलं गाऱ्हाणं, गणपतीला आलेले चाकरमानी, यांचं मोल मी कमी समजत नाही. पण महिना उलटूनही झोप, भूक, घरातलं बोलणं ताळ्यावर येत नसेल तर जाणत्याची मदत घ्यावी. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

काकूने गेल्या वर्षीपासून समुपदेशन सुरू केलंय. काका अजून गेलेले नाहीत. पण परवा तिने फोनवर सांगितलं, पाऊस लागला की हल्ली ते न विचारता छत्री घेऊन नदीवर जातात आणि दारातूनच हाक देतात, ‘‘पाणी खाली आहे गो.’’