सिस्टरला डॉक्टर व्हायची परवानगी नव्हती तेव्हा

सोलापुरात आता डफरीन म्हटलं की चौक आणि तिथली ट्रॅफिकच आठवते, पण आमच्या आजीच्या तोंडी डफरीन म्हणजे बाळंतपण. अमकीला डफरीनला नेलंय म्हटलं की पुढं कुणी काही विचारायचंच नाही. आजी सांगायची, तिच्या वेळेला कळा सुरू झाल्या तरी सासू उंबऱ्यात अडून बसली होती, तिथं बघणारी डॉक्टर बाई हाय का बाप्या हाय ते आधी सांगा म्हणून, आणि बाईच आहे असं दोघीतिघींनी सांगितल्यावरच टांगा बोलावला. तोवर आजी दाराची चौकट धरून उभी.

हे नाव आलं लेडी डफरीन यांच्यावरून. व्हाइसरॉयच्या पत्नी, १८८५ मध्ये त्यांनी एक फंड उभा केला तो याच अडचणीसाठी, की पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही म्हणून बायका घरातच मरत होत्या. पुढच्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या, पण वर्षभरात त्या गेल्या. म्हणजे गरज सगळ्यांना दिसत होती, डॉक्टर बायकाच नव्हत्या. मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्या, डॉक्टर-नर्स असलेल्या नन बायकांचा संघ काढणाऱ्या मदर अ‍ॅना डेंगल यांची गोष्ट याच गरजेतून सुरू होते, पण सोलापुरात नाही, तेव्हाच्या अखंड भारतातल्या रावळपिंडीत.

त्यांच्या आधी एक म्हातारी बाई होती, तिला सोडून पुढं जाताच येत नाही. डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन, स्कॉटलंडच्या. ब्रिटनमध्ये बायकांना मेडिकलला घेत नव्हते म्हणून फ्रान्सला माँपेलिएला जाऊन १८७८ मध्ये डॉक्टर झाल्या, साठी ओलांडल्यावर कॅथलिक झाल्या, आणि सत्तरी ओलांडल्यावर रावळपिंडीत बायका-मुलांसाठी सेंट कॅथरीन्स हॉस्पिटल उभं करायच्या मागं लागल्या. तिथं त्यांच्या लक्षात आलं की सिस्टर्स, म्हणजे कॅथलिक नन, आहेत, मन लावून सेवा करतात, पण त्यांना डॉक्टर होता येत नाही आणि बाळंतपण तर नाहीच नाही. चर्चचा नियमच तसा होता. धर्माला वाहून घेतलेल्या माणसानं वैद्यकी करू नये ही बंधनं पार मध्ययुगापासूनची, १२१५ च्या चर्चच्या परिषदेत पाद्र्यांना शस्त्रक्रिया करायला मनाई झाली होती, आणि व्रतं घेतलेल्या बाईनं बाळंतपणात हात घालणं तर अशोभनीय समजलं जायचं. मॅक्लारेनबाई रोमला पुन्हापुन्हा विनंत्या करत राहिल्या, नियम काही हलला नाही.

अ‍ॅना डेंगल ऑस्ट्रियाच्या, टिरोलमधल्या श्टेग या डोंगराळ गावात १६ मार्च १८९२ ला जन्म. नऊ भावंडांत थोरल्या, आई लहानपणीच गेली. मॅक्लारेनबाईंच्या कामाबद्दल कळल्यावर त्यांनी थेट पत्र लिहिलं, आणि उत्तर असं आलं की भारतात काम करायचं तर ब्रिटिश डिग्री लागेल, आयर्लंडला कॉर्कला जाऊन मेडिकल कर. दोघींची भेट मात्र कधीच झाली नाही, १९१३ ला मॅक्लारेन वारल्या. एका पत्रावर ही मुलगी कॉर्कला गेली, वर्षभरात महायुद्ध सुरू झालं, आयर्लंड तेव्हा ब्रिटिशांकडं, म्हणजे तिचा देश आणि ती शिकत होती तो देश एकमेकांचे शत्रू, तरी तिनं शिक्षण सोडलं नाही, १९१९ ला डॉक्टर झाली आणि १९२० ला रावळपिंडीत हजर.

तिथं चार वर्षं राबल्यावर त्यांची खात्री पटली की एकटीदुकटी डॉक्टर येऊन भागणार नाही. आज आहे, उद्या लग्न झालं, आजारी पडली, की हॉस्पिटल पुन्हा तसंच. जन्मभरासाठी आलेल्या बायकांचा संघच पाहिजे, आणि त्या पुऱ्या शिकलेल्या डॉक्टर, नर्स पाहिजेत. मला हा विचार फार मोठा वाटतो, कारण नुसती दया पुरते हे त्यांनी मानलं नाही, डिग्री पाहिजे म्हणाल्या.

मग अमेरिका. ३० सप्टेंबर १९२५ ला वॉशिंग्टनमध्ये चौघीजणी एकत्र राहायला लागल्या, दोन डॉक्टर आणि दोन नर्स, हाच मेडिकल मिशन सिस्टर्सचा आरंभ. फादर मायकल मॅथिस यांनी साथ दिली. पण नियम होताच, म्हणून त्यांनी सिस्टर्ससारखी जाहीर व्रतं घेतलीच नाहीत. राहणं तसंच, प्रार्थना तशीच, फक्त कागदावर नन नाहीत, कारण नन झाल्या असत्या तर डॉक्टरकी सोडावी लागली असती. आणि असं थोडंथोडकं नाही, दहा वर्षांहून जास्त. तेवढ्यात रावळपिंडीत होली फॅमिली हॉस्पिटल सुरूसुद्धा झालं.

११ फेब्रुवारी १९३६ ला रोमहून आदेश निघाला, सिस्टर्सना वैद्यकी शिकता येईल, बाळंतपणंही करता येतील. नुसती सूट दिली असं नाही, हे काम करा असंच त्यात सांगितलंय. मगच या बायकांनी जाहीर व्रतं घेतली. आज एखादी सिस्टर गळ्यात स्टेथोस्कोप घालून लेबर रूममध्ये जाताना दिसली तर आपल्याला काहीच वाटत नाही, पण त्यासाठी दोन बायकांचं आयुष्य गेलंय, त्यातली एक तर हे बघायला राहिलीच नाही.

पुढं भारतात त्यांची हॉस्पिटलं झाली, पाटणा, रांचीजवळचं मांडर, दिल्ली. फाळणीत रावळपिंडी तिकडं गेली, तिथलं होली फॅमिली अजून चालू आहे, आता सरकारी आहे. मदर डेंगल १९६७ पर्यंत संघाच्या प्रमुख होत्या, १७ एप्रिल १९८० ला रोममध्ये वारल्या.

आणि पाटण्याचं एक सांगायचं राहिलंच. १९४८ मध्ये मदर तेरेसा लॉरेटोचं कॉन्व्हेंट सोडून आधी कुठं गेल्या असतील तर याच सिस्टर्सच्या हॉस्पिटलात, औषधपाणी शिकायला. आपल्या संघातल्या बायका गरिबांसारख्या नुसत्या मीठ-भातावर राहतील असं त्यांच्या मनात होतं. पाटण्याच्या सिस्टर्स दवाखाना चालवणाऱ्या, त्यांनी ते चालू दिलं नाही, दिवसभर आजाऱ्यांत उठबस करायची तर पोटभर आणि नीट खायलाच पाहिजे म्हणून बजावलं, आणि मदर तेरेसांनी ते ऐकलं.