कर्वे, इरावती : वंशविचार

(१५ डिसेंबर १९०५ – ११ ऑगस्ट १९७०). मराठी मानवशास्त्रज्ञ. जन्म ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे. मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध; १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन.

१९२७-२८ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे त्यांनी मानवी कवटीच्या असममितीवर (डाव्या-उजव्या बाजूंतील फरकावर) काम केले. गोऱ्या वंशाच्या कवट्या अधिक असममित असून त्याचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असे फिशर यांचे गृहीतक असल्याचे चरित्रलेखन सांगते. मोजमापांतून असा वंशभेद निघत नाही, हा कर्व्यांचा निष्कर्ष होता. सुप्रजननाचा (निवडक प्रजननाने वंश सुधारण्याच्या कल्पनेचा) पुरस्कार करणाऱ्या संस्थेत, तोही गुरूच्या मताविरुद्ध मांडला गेला, हे त्याचे खरे मोल. मोजमाप मात्र त्यांनी पुढेही सोडले नाही (वि. म. दांडेकरांसह महाराष्ट्राची मानवमिती, म्हणजे लोकांच्या शरीरांची मोजमापे, १९५१), म्हणून वंशविचाराशी त्यांनी पूर्ण फारकत घेतली, असे म्हणणे अवघड आहे.

जातींच्या उत्पत्तीबद्दल त्यांचा घुर्यांशी मतभेद होता. घुर्यांच्या मते मोठी जात फुटून पोटजाती झाल्या. कर्व्यांनी क्रम उलटा लावला : आपापसांत सोयरीक करणारे लहान गट आधीचे, आणि एका धंद्यामुळे ते एका नावाखाली आले. अशा जुळणीला त्या जातिसमूह म्हणत. कुंभार हा त्यांचा नेहमीचा दाखला. याच प्रश्नाच्या अनुषंगाने कै. चं. मल्होत्रांसह १९६८ साली त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. दोन्ही मतांना आधार आहेत. तथापि सोलापूरचे विणकर पाहता कर्व्यांचे म्हणणे अधिक पटते. शहराच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक पद्मशाली आणि मराठी बोलणारे साळी व कोष्टी एकाच मागावर बसले, पण त्यांच्या सोयरिकी परंपरेने वेगळ्याच राहिल्या.

याच जिल्ह्यातील पंढरपूरच्या वारीवर त्यांनी पायी चालून लिहिले. ज्या प्रदेशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली. व्याख्येत रक्ताला, वर्णाला जागा नाही. दिंडीत भजन एकत्र होते आणि जेवणाच्या पंगती जातवार बसतात, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे, खेदाने नोंदवले.