महाप्रसाद वेगळा, घरपोच डबा वेगळा

देवस्थानच्या बैठकीत गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या जेवणाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "आपला महाप्रसाद असतो की!" म्हणणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं, पण त्यात दोन कामांची गल्लत होते. जो देवाच्या दारी येईल त्याच्यासाठी महाप्रसाद असतो. ज्याला दारापर्यंत येताच येत नाही, त्याच्यासाठी डबा. चूल एकच असली तरी चालते, बाकी जवळजवळ सगळं बदलतं.

महाप्रसादात नाव-गाव विचारत नाहीत, हीच त्याची थोरवी. गणपतीपुळ्याला दुपारी पानावर बसणारा भाविक कुठून आला, याची चौकशी कोणी करत नाही. गावच्या उत्सवातही अंदाजाने भात टाकतात, काळ्या वाटाण्याची उसळ होते, गोडाचं काहीतरी होतं आणि येतील तेवढे जेवतात. वयस्कर माणसांना त्यात अन्नाहून मोठं काही मिळतं: मंडपात चार ओळखीची माणसं भेटतात, बोलणं होतं. हे कमी लेखू नये.

पण कोकणातलं गाव म्हणजे दहा ठिकाणी विखुरलेल्या वाड्या. देऊळ एकीकडे, घर वरच्या अंगाला, मध्ये जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी, आणि पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ. गुडघे गेलेली आजी ती उतरणार कशी? मुलं मुंबईला, शेजारच्या घराला कुलूप. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत जवळपास पाच टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाचीही घटली. ज्याला जेवणाची सर्वांत जास्त गरज, तोच पंगतीत दिसत नाही आणि पंगत भरलेली पाहून आपल्याला वाटतं, सगळे जेवले.

डब्याची सुरुवात यादीपासून होते. कोण एकटं आहे, कोणाला साखर आहे, कोणाला दात नाहीत, हे आशा सेविकेला बहुतेक ठाऊक असतं, तिला विचारावं. मग मीठ बेताचं, भात मऊ, तिखट वेगळं. एकादशीला सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी पाठवून भागत नाही, मधुमेहाच्या माणसाला ती सोसत नाही. वेळ तर फारच महत्त्वाची. इन्सुलिन टोचून बसलेल्या माणसाचं जेवण लांबलं तर साखर एकदम खाली जाते, घेरी येते. दुपारच्या आरतीनंतर नैवेद्य आणि त्यानंतर वाढप हा क्रम पंगतीला शोभतो. डब्यासाठी नैवेद्याचं पान आधी काढून ठेवावं आणि डबे साडेअकराला निघावेत. यात देवाचा काही अवमान होतो असं मला वाटत नाही.

आणि डबा रोजचा. उत्सव संपला म्हणून तो बंद होत नाही, जुलैच्या धुवांधार पावसात तर होताच कामा नये. दोन डबे ठेवायचे, भरलेला द्यायचा, रिकामा आणायचा. कालचा डबा तसाच भरलेला परत आला तर आणणाऱ्या पोराने दारातच विचारायचं, "आजी, जेवला नाहीत काय?" माझ्या मते डब्याचा अर्धा उपयोग या प्रश्नात आहे.

देवळाकडे एक गोष्ट अशी आहे जी ग्रामपंचायतीकडे नाही. आयुष्यभर कष्ट केलेला माणूस फुकटचं घ्यायला लाजतो, पण 'देवाचं आहे' म्हटलं की हात पुढे करतो. त्याच्या परसातले दोन नारळ, मूठभर कोकमाची सोलं देवळाने आनंदाने घ्यावीत. तोही देणारा होतो.

इतर प्रार्थनास्थळांतही हा फरक दिसतो. कॅथलिक चर्चमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना ख्रिस्तप्रसाद (उपासनेतली पवित्र भाकर) घरी नेऊन देण्याची रीत आहे. पॅरिसमध्ये 1833 साली सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवासंस्थेच्या कामाचा गाभाच गरजूंच्या घरी जाणं हा आहे. रमजानमध्ये मशिदीत इफ्तार असतो. तिथवर न येऊ शकणाऱ्या शेजाऱ्याकडे ताट पोचवणं हे वेगळं काम.

पैशाच्या हिशेबातही दोन्ही एकत्र करू नयेत. केंद्राच्या 2018 च्या सेवा भोज योजनेत मोफत अन्न देणाऱ्या धार्मिक संस्थांना जिनसांवरच्या केंद्रीय जीएसटीची भरपाई ठेवली, पण अट महिन्याला किमान 5000 माणसांना जेवण देण्याची. रोज चाळीस डबे म्हणजे महिन्याला बाराशे. छोटं देवस्थान त्यात बसतच नाही. म्हणून गावाने स्वतःचीच तजवीज करावी. अन्नदानाची पावती फाडणारा बहुधा एका तिथीची पंगत मनात धरून देतो. डब्याला बारा महिने गॅस, पेट्रोल आणि स्वयंपाकिणीचा पगार लागतो. ज्येष्ठांच्या डब्यासाठी वेगळं पावतीपुस्तक काढा, विश्वस्तांच्या ठरावात तसा उल्लेख करा, आणि मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाला महिन्याच्या हप्त्याने द्यायला सांगा. अन्नसुरक्षा नोंदणीचंही (रेशनची नव्हे, अन्न बनवणाऱ्या-वाटणाऱ्यांची एफएसएसएआयकडची) बघून घ्या; धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांनाही 2011 च्या नियमांत धरलेलं आहे.