नळ, गटार आणि भाडं: सिंगापूरच्या हॉकर सेंटरची पार्श्वभूमी

सिंगापूरला जाऊन आलेला माणूस हॉकर सेंटरबद्दल, म्हणजे फेरीवाल्यांना एकत्र बसवलेल्या खाण्याच्या जागेबद्दल, बोलताना चवीपासून सुरुवात करतो. डोक्यावर छप्पर, मध्ये जमिनीत रोवलेली टेबलं नि स्टुलं, चहूबाजूंनी शंभरेक चौरस फुटांचे गाळे, आणि चार ते सहा सिंगापूर डॉलरमध्ये पोटभर जेवण. पण ही जागा स्वयंपाक्यांनी घडवलेली नाही. ती आरोग्य खात्याने, सांडपाण्याच्या नळांनी आणि भाडेकराराने घडवली आहे. एखादा पदार्थ आज गल्लोगल्ली का मिळतो आणि दुसरा का दुर्मिळ होत चालला आहे, याचं उत्तर तिथेच सापडतं.

1819 नंतर बंदर वाढलं तसे दक्षिण चीन, जावा, मलाया आणि तमिळ मुलुखातून मजूर आले. बहुतेक एकटे पुरुष, एका खोलीत दाटीवाटीने राहणारे. चूल मांडायला जागा नाही, रांधणारं कोणी नाही. त्यामुळे रस्त्यावर खाणं ही त्यांची रोजची गरज होती. विकणाऱ्यालाही भांडवल फारसं लागत नसे. खांद्यावर कावड असायची. तिच्या एका टोकाला कोळशाची शेगडी नि उकळतं भांडं, दुसऱ्या टोकाला शेवया, वाडगे आणि पाण्याची बादली. काही शेवयावाले बांबूच्या दोन तुकड्यांचा टकटक आवाज करत फिरत. वरच्या मजल्यावरून टोपली दोरीने खाली सोडली की वाडगा भरून वर जाई.

कोण काय विकणार हे बऱ्याच अंशी गावावरून ठरत होतं. दक्षिण चीनमधले तिओच्यू लोक माशाच्या गोळ्यांच्या शेवया आणि पेज विकत, तिथलेच होक्किएन लोक कोळंबीच्या रश्शातल्या शेवया. जावामधून आलेले साते, म्हणजे काडीला टोचलेलं मांस, भाजत. तेनकासी-कडयनल्लूर भागातून आलेले तमिळ मुस्लिम मी गोरेंग (परतलेल्या शेवया) आणि भारतीय रोजाक (तळलेले तुकडे चटणीसोबत) विकत. चीनच्या हायनान बेटावरचे हायनानी लोक उशिरा आले, तोवर चांगले धंदे इतरांनी अडवलेले. म्हणून ते इंग्रजांच्या घरांत आणि हॉटेलांत आचारी झाले आणि पुढे कॉफीच्या दुकानांत शिरले. सिंगापूरची ‘कोपी’ त्यांच्याच हातची. रोबस्टा बी साखर आणि मार्जरीन घालून काळीकुट्ट भाजायची, पूड कापडी पिशवीतून गाळायची आणि तळाशी घट्ट गोड दूध घालायचं. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की हे गोड दूध येतंच. ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, ‘कोपी सी’ म्हणजे आटवलेल्या बिनगोड दुधाची, ‘कोसोंग’ जोडलं की साखर नाही, ‘सिउ दाय’ म्हटलं की गोडी कमी, ‘पेंग’ म्हटलं की बर्फ. बिनसाखरेची हवी असताना फक्त ‘कोपी कोसोंग’ मागितली तर गाळ्यागाळ्यावर वेगळं काही मिळू शकतं. ‘कोपी ओ कोसोंग’ किंवा ‘कोपी सी कोसोंग’ असं पूर्ण सांगितलेलं बरं.

जुन्या शहरातल्या दुकानघरांसमोर पाच फुटी ओसरी ठेवण्याचा नियम 1822 च्या नगररचनेपासूनचा आहे. पादचाऱ्याला ऊन-पाऊस लागू नये हा हेतू. प्रत्यक्षात तिथे फेरीवाले बसले आणि दुकानदारांनी माल मांडला. 1888 मध्ये नगरपालिकेने या ओसऱ्या मोकळ्या करायला घेतल्या तेव्हा दंगल झाली. विसाव्या शतकात परवाने आले, 1920 च्या दशकात मोजकी छपरंही उभारली गेली. त्या छपरांपेक्षा फेरीवाल्यांची संख्या कितीतरी पटीने वेगाने वाढत होती, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, बेकारी असताना.

1950 मध्ये सरकारने फेरीवाल्यांच्या प्रश्नावर चौकशी आयोग नेमला. एका बाजूला शहर तुंबवणारे, रोग पसरवणारे लोक अशी तक्रार. दुसऱ्या बाजूला गरिबाला परवडणारं अन्न देणारे हेच लोक, ही वस्तुस्थिती. पुढची पंधरा-सोळा वर्षं धरपकड, दंड, गाडी जप्त करणं आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी त्याच कोपऱ्यावर दिसणं, एवढंच चालत राहिलं.

खरी अडचण बादलीत होती. रस्त्यावर नळ नाही, म्हणून एका बादलीत दिवसभराचे वाडगे बुचकळले जात. उष्टं आणि तेलकट पाणी पावसाच्या उघड्या गटारात. ते गटार पुढे सिंगापूर नदीत. उरलेल्या अन्नावर उंदीर आणि माश्या. टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या साथींचा संबंध या साखळीशी जोडला गेला. स्वयंपाकी कितीही स्वच्छ असला तरी वाहतं पाणी आणि मैलावाहिनी नसेल तर तो वाडगा स्वच्छ धुऊ शकत नाही. दंडाने हा प्रश्न सुटणार नव्हता.

स्वातंत्र्यानंतर 1968-69 मध्ये बेटभर नोंदणी मोहीम झाली. रस्त्यावरच्या सुमारे 18 हजार फेरीवाल्यांना तात्पुरते परवाने मिळाले. आधी त्यांना मुख्य रस्त्यांवरून मागच्या गल्ल्यांत, मोकळ्या जागांत आणि वाहनतळांवर हलवलं. ऑर्चर्ड रोडवरचा एक वाहनतळ दिवसा गाड्यांचा आणि रात्री खाण्याच्या ठेल्यांचा असे. तो बाजार 1978 मध्ये बंद झाला. मग 1971 ते 1986 या काळात एकामागून एक हॉकर सेंटर बांधली गेली. प्रत्येक गाळ्याला नळ, वीज आणि मैलावाहिनीला जोडलेली मोरी. एकत्र कचराघर, फरशी लावलेल्या भिंती, हवा खेळती राहावी म्हणून उघड्या बाजू आणि उंच छप्पर. अनेक ठिकाणी खाली किंवा शेजारी भाजी-मासळीचा बाजार, म्हणजे कच्चा माल हाताशी. सरकारी गृहनिर्माण वसाहती त्याच काळात उभ्या राहत होत्या. त्यांच्या आराखड्यातच ही जागा धरली गेल्यामुळे गिऱ्हाईक आपोआप मिळालं. माझ्या मते योजना तगली याचं मुख्य कारण हे. फेरीवाल्याला गिऱ्हाइकापासून दूर नेऊन बसवलं की तो परत रस्त्यावर येतो.

1977 मध्ये नदी स्वच्छ करण्याचं काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. त्यात नदीच्या पाणलोटातले सुमारे पाच हजार फेरीवाले सेंटरांत हलवले गेले. 1986 पर्यंत रस्त्यावर परवानाधारक फिरता फेरीवाला जवळजवळ उरला नाही. 1894 मधला बिडाच्या खांबांचा अष्टकोनी तेलोक आयर बाजार, आजचा लाउ पा सात, 1973 मध्ये खाण्याच्या जागेत बदलला. पुढे भुयारी रेल्वेसाठी तो तुकडे करून काढला आणि पुन्हा जोडला.

स्थलांतराने पदार्थ बदलले. याबद्दल फार कमी लिहिलं जातं. कावडीवर एक शेगडी, म्हणून एकच पदार्थ. गाळा मिळाल्यावरही ही सवय टिकली, आणि ‘एक गाळा, एक पदार्थ’ ही सिंगापूरची ओळख त्यातून आली. कोळशाची जागा बहुतेक ठिकाणी गॅसने घेतली. सात्याला मात्र कोळसाच लागतो, चरबी निखाऱ्यावर टपकून उठणारा धूर हाच त्याचा मसाला. छपराखाली तो धूर कोंडतो. म्हणून लाउ पा सातच्या बाजूचा बून तात रस्ता संध्याकाळी वाहनांना बंद करून सातेवाल्यांना दिला जातो.

आता दोन पदार्थ शेजारी ठेवून पाहू. हायनानी चिकन राइसची कोंबडी पाण्यात अख्खी सोडतात, पण पाणी खळखळू देत नाहीत. 80 ते 85 अंशांवर, नुसतं थरथरत राहील इतकं. खळखळलं तर कातडी फाटते आणि छातीचं मांस चोथ्यासारखं होतं. दीड किलोच्या कोंबडीला पाऊण तासाच्या आसपास लागतो. हाडाजवळ 75 अंश आले की थेट बर्फाच्या पाण्यात. त्यामुळे शिजणं थांबतं आणि कातडीखालचा रस थरथरीत थरासारखा गोठतो. बर्फ कमी पडला की हा थर होत नाही, कातडी लोंबते. काढलेल्या चरबीत लसूण-आलं परतून, त्यात तांदूळ परतून, त्याच कोंबडीच्या पाण्यात पांदानच्या सुवासिक पानासह भात शिजवतात. चरबीत परतल्याने दाणे सुटे राहतात. पाणी नेहमीच्या मापाने घातलं तर भात गिचका होतो, कारण तांदूळ धुताना आधीच ओला झालेला असतो. तो निथळून घ्यायचा. इथे सगळी मेहनत सकाळी. दुपारच्या गर्दीत काम फक्त तोडण्याचं, एका ताटाला जेमतेम मिनिट.

उलट चार क्वे त्याओ. तांदळाच्या रुंद शेवया, डुकराची चरबी, लसूण, गडद सोया सॉस, अंडं, मुगाचे मोड, लसणीची पात, चिनी सॉसेज, शेवटी शिंपल्या. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची, चरबी, लसूण, लगेच शेवया, सॉस. त्या कडेला सारून मोकळ्या जागी अंडं. मोड शेवटच्या मिनिटात आणि शिंपल्या शेवटच्या काही सेकंदांत, नाहीतर त्या रबरासारख्या होतात. एका वेळी एक किंवा दोन ताटं. घाईत सहा ताटांचं एकदम टाकलं की कढई थंड पडते, मोड पाणी सोडतात, शेवया भाजण्याऐवजी वाफेवर शिजून तुटतात, आणि तो जळका सुवास येतच नाही. म्हणजे हा पदार्थ वाढवता येत नाही. दर ताटामागे आचारी हवाच, तोही आगीसमोर उभा. भाडं आणि मजुरी वाढली की चिकन राइसवाला दुसरी शाखा काढू शकतो, क्वे त्याओवाला बोट दुखायला लागलं की गाळा बंद करतो.

भाड्याची गोष्ट दोन तुकड्यांत आहे. रस्त्यावरून हलवलेल्या पहिल्या पिढीला सवलतीचं भाडं मिळालं, महिन्याला काही शे डॉलर. स्थलांतराचा तो मोबदला होता. नंतर आलेल्यांना गाळा निविदेतून घ्यावा लागतो. या गाळ्यांचं मध्यम भाडं महिन्याला साडेबाराशे डॉलरच्या आसपास राहिलं आहे, पण गर्दीच्या जागी बोली कुठच्या कुठे जाते. 2024 मध्ये मरीन परेडमधल्या एका गाळ्यासाठी महिन्याला दहा हजार डॉलरहून जास्त बोली लागली. शेजारशेजारच्या दोन गाळ्यांत एकाच पदार्थाची किंमत वेगळी दिसली की गिऱ्हाईक दुसऱ्याला लुटारू ठरवतं. बऱ्याचदा फरक करारपत्रात असतो. 2012 मध्ये बोलीची किमान मर्यादा काढून टाकली गेली, आणि गाळा घेऊन तो पोटभाड्याने चढवण्यावरही बंधनं आली.

1986 नंतर पाव शतक नवीन सेंटर बांधलंच गेलं नाही. वातानुकूलित फूड कोर्ट पुरतील असा अंदाज होता. तो चुकला, कारण फूड कोर्टाचं भाडं ताटाच्या किमतीत येतं. 2011 मध्ये पुन्हा दहा सेंटरांची घोषणा झाली आणि पुढे आणखी दहांची. नव्यांपैकी काही सामाजिक उद्योग म्हणवणाऱ्या संस्थांकडे चालवायला दिली. भाडं कमी दिसे, पण भांडी धुण्याचे पैसे, ट्रे परत करण्याच्या यंत्रणेचा खर्च, ठरलेले तास गाळा उघडा ठेवण्याची अट, असं वरचं बरंच होतं. 2018 मध्ये त्यावरून जाहीर वाद झाला आणि करारांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. माणसाच्या अंगात बारा-चौदा तास रोज उभं राहण्याची ताकद किती, हा हिशेब त्या करारांत धरलेला नव्हता. फेरीवाल्यांचं मध्यम वय साठच्या घरात आहे.

मान-सन्मान मात्र याच काळात आले. 2016 मध्ये मिशेलिन या खाद्य-मार्गदर्शिकेचा तारा दोन हॉकर गाळ्यांना मिळाला, त्यातला एक चायनाटाउन कॉम्प्लेक्समधला सोया सॉस चिकनचा. 16 डिसेंबर 2020 रोजी हॉकर संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

जेवायला जाणाऱ्यासाठी या इतिहासाचे काही थेट परिणाम आहेत. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट दिसलं तर ती जागा अडवलेली आहे. स्वतःची जागाही तशीच अडवायची, पाकीट किंवा छत्री ठेवून, पैशांची पर्स नव्हे. आधी टेबल, मग रांग. सप्टेंबर 2021 पासून ताट उचलून ट्रे-फडताळात ठेवणं सक्तीचं आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा 300 डॉलर दंड. फडताळं हलाल आणि इतर अशी वेगळी असतात. मिसळून ठेवू नये. साफसफाईसाठी सेंटर वर्षातून काही वेळा दिवसभर बंद राहतं आणि नावाजलेले गाळे माल संपला की दुपारी दोनलाच झाकण लावतात, म्हणून लांबून जायचं असेल तर अकराच्या सुमारास पोचावं. थोडी रोख जवळ असावी, जुन्या मंडळींकडे कार्ड चालत नाही.

शाकाहारी माणसाने ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. चिकन राइसचा नुसता भातही कोंबडीच्या चरबीतला असतो, साम्बालमध्ये (मिरचीच्या चटणीत) आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, हिरव्या भाजीवर शिंपल्यांचा सॉस पडतो. लिटिल इंडियातलं टेक्का सेंटर सोयीचं, पण चिनी बौद्ध शाकाहारी गाळेही शोधावेत. त्यांच्याकडे परंपरेने कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे जैन पाहुण्यांची सोय तिथे अनपेक्षितपणे काही अंशी होते. अंडं असतं की नाही ते मात्र विचारून घ्यावं.